चौदा पोत्यांची भिंत

तीर्थस्वरूप सौ. अक्का,

धाकट्या जावेचा नमस्कार घ्या. आज घरात कापूस आला, तुम्ही गेल्यानंतरचा पहिला. दारात गाडी उभी राहिली आणि जो तो मलाच विचारायला लागला, काकू, हे कुठे टाकू, ते कुठे सरकवू. मला काय माहीत? इतकी वर्षं ते तुम्ही बघत होतात आणि मी नुसती हो म्हणत होते! शेवटी सगळ्यांना ओट्यावर बसवलं, नातवाच्या वहीतली चार पानं फाडली आणि लिहायला बसले. लढाईपायी रॉकेल मिळत नाही, तेव्हा उजेड आहे तोवर संपवायचं आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे ठाऊक आहे मला. तिथे कुणीतरी दाखवील वाचून.

तुम्हाला आठवतं का, मी आले तो दिवस? मी सावद्याची, चार बुकं शिकलेली. माहेरी पुढे अंगण, मागे परस, पलीकडे केळीची बाग. धुळ्याला आगगाडीतून उतरले, बैलगाडीत बसून गावात आले, आणि मला वाटलं ही ओसरी दिसतेय, घर आत असेल. आत होतंच कुठे! दोन खणांचं धाब्याचं घर आणि माणसं नऊ. सासरे आबा, थोरले दीर भाऊ, तुम्ही, तुमची चार लेकरं, आणि आम्ही दोघं. त्यात कार्तिक संपलेला, म्हणजे अर्ध्या घरात कापूस.

पण तुमची तऱ्हाच वेगळी होती बाई. उजाडलं की खाटा भिंतीशी उभ्या. कांदे आढ्याला टांगलेले, पाळणा धान्याच्या कणगीवर, उतरंडीच्या सगळ्यात वरच्या मडक्यात माझ्या रुखवतातले लाडू, लेकरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. चारही पोरं एकाच गोधडीत, एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय. एकदा पाहुणे आले तर तुम्ही शेळीला धाब्यावर चढवलंत! ती वरून ओरडत होती आणि आबा पाहुण्यांना विचारत होते, आवाज कुठून येतोय.

मला मात्र हसू येत नव्हतं. आमचे हे भाऊंबरोबर ओट्यावर निजायचे, मी तुमच्या लेकरांच्या रांगेत. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, ही आपल्या घरची रीत. तीन आठवडे झाले, माझा नवरा माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. मी मनाशी ठरवलं, याला मी नकोशी आहे. एका दुपारी गाठोडं बांधलं. वडील न्यायला आले की जायचं आणि परत यायचंच नाही.

ते गाठोडं तुम्ही पाहिलंत. विचारलं काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी पदर खोचलात, सुटा कापूस पोत्यांत ठासून भरलात आणि आतल्या खणाच्या मधोमध पोत्यावर पोतं चढवत गेलात, थेट आढ्यापर्यंत. चौदा पोती! मी खालून देत होते आणि मला कळत नव्हतं हे चाललंय काय. मग लेकरांना दम भरलात की कापसापाशी कुणी फिरकायचं नाही. आबांची विडी तर कापसामुळे आधीच घराबाहेर गेलेली. झाली की नाही खोली?

त्या भिंतीआड आमचे हे मला पहिल्यांदा काय बोलले, सांगू? तुम्ही किती छेडलंत तरी मी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "तू जेवतेस ना पोटभर? पंगतीत तुझं ताट मला दिसत नाही." मी इतकी रडले, इतकी रडले की ते घाबरून उठायलाच लागले. दोघांमध्ये नऊ माणसांचं घर होतं आणि हा माणूस तीन आठवडे माझ्या ताटाची काळजी करत होता. गाठोडं मी सकाळीच सोडलं.

आणि सकाळी केसांत कापूस! पाणवठ्यावर बायका एकमेकींना कोपर मारायच्या. तुम्ही दारातच मला उभी करून कापूस वेचायचात, आणि वेचताना इतक्या हसायचात की निम्मा तसाच राहायचा. एकदा मीही धीर करून विचारलं, मला भिंत मिळाली, तुम्हाला नव्हती, मग ही चार लेकरं कशी? तुम्ही भाकरी थापत होतात. वर न बघता म्हणालात, "वावरमा तूर कितली वाढस, तू देखी नही का?" मी तूर उंच होते त्या कार्तिकापासून बोटांवर महिने मोजले. तुमची चारही श्रावण-भादव्यातली! त्या दिवशी दोघींच्या हसण्यात भाकरी करपली आणि आबांनी ती मुकाट्याने खाल्ली.

माघात आबांनी कापूस विकला. पोती गाडीत रिकामी झाली आणि माझी खोली गेली. पण तुम्ही त्याच पोत्यांत तुरीचा भुसा आणि शेंगांची टरफलं भरून भिंत पुन्हा उभी केलीत, आणि थोरल्या मुलाकडून आबांना कळवलंत की शेवटच्या वेचणीचा कापूस अजून घरात आहे. बैलांचा भुसा कुठे चाललाय म्हणून आबा रोज गोठा धुंडाळत होते.

होळीनंतर आबा व्यापाऱ्यालाच घरी घेऊन आले. मी भिंतीच्या अलीकडे अंग चोरून उभी. आबांनी पोत्याचं तोंड सोडलं, हात घातला, आणि मूठभर टरफलं बाहेर काढली. व्यापारी हसला आणि निघून गेला. आबांचं तोंड लाल झालं. हे कुणाचं काम म्हणून त्यांनी विचारलं. मला वाटलं, आता मला सावद्याला धाडतील.

अकरा वर्षांत तुम्ही सासऱ्यांसमोर तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी डोईवरचा पदर पुढे ओढलात आणि पदराआडून बोललात. "आबा, माले भिंत भेटनी नही. तिले भेटाले जोयजे."

आबांनी टरफलं पोत्यात परत टाकली. मग उठले, ओट्यावर गेले आणि भाऊंना म्हणाले की उद्या गाडी जुंपायची, माती आणायची आहे. चार दिवसांत पोती होती तिथे मातीची खरी भिंत उभी राहिली. लिंपण आबांनी स्वतः केलं. दाराला लाकडी फळ्यांचा पल्लाही बसवला.

आता माझी तक्रार ऐका. खोली झाली, तर तुम्ही कधी तीत आलात का? वर्षातले सहा महिने तुमचे, सहा आमचे, असं मी किती वेळा म्हटलं. तुम्ही म्हणायचात, मला वावर आहे. अहो, वावरात तूर वर्षभर असते का? मी अजून जोर करायला हवा होता. नाही केला. मला ती खोली फार आवडत होती, हेच खरं.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मात्र मी तुमचं काही ऐकलं नाही. तुमची खाट आत नेली, भाऊंना उशाशी बसवलं आणि पल्ला लोटून बाहेर सूप घेऊन पाखडायला बसले. बघायला येणाऱ्या एकेकीला सांगायचे, अक्कांचा आत्ताच डोळा लागलाय. खोटं, सगळं खोटं! आतून तुम्हा दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता. पंधरा दिवस येत होता. भाऊ इतके बोलतात हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुम्ही गेल्यावर भाऊ पुन्हा ओट्यावर निजायला लागले. मी त्यांची खाट आत नेऊन टाकली, तरी ते बाहेरच. आणि आज आमचे हे म्हणतात, कापूस त्या खोलीत भरू, दादाला ओट्याची सवयच आहे. पोरांनी माना डोलावल्या. मी भाऊंसमोर कधी बोललेली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आज बोलले. म्हटलं, ती खोली भाऊंची आणि अक्कांची आहे, तिथे एक बोंडसुद्धा जायचं नाही. भाऊ उठले, उशी काखेत मारली आणि आत जाऊन पल्ला लोटून घेतला.

तर अक्का, माझा शब्द घ्या. भाऊ आहेत तोवर खोली त्यांची, आणि त्यांच्यामागे जी नवी सून येईल तिची. कापूस मी माझ्या खाटेभोवती रचीन. तो काय, दरसाल येतो.

तुमचीच,
धाकटी