राहीबाईच्या खोकल्यास धोक्यात सामील करून घेणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
फिरते फुप्फुस तपासणी पथक,
मुक्काम बाजारतळ, तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर

विषय : बिडी ओढत नाही या कारणावरून नाकारलेले स्कॅन मंजूर होणेबाबत.
संदर्भ : दिवाळीनंतरच्या मुक्कामात आपल्या मोबाईलने दिलेला निकाल.

महोदय,

१) फुप्फुसाचा कॅन्सर कोणाला होईल हे आधीच ओळखणारा मोबाईल आपण आमच्या बाजारात आणला, याचा गावाला अभिमान आहे. मी बिडी ओढतो. त्यामुळे माझा ‘धोका जास्त’ निघाला, मला मानाने आपल्या स्कॅनच्या गाडीत नेले, स्कॅन काढले. फुप्फुस स्वच्छ निघाले, तरी आजच्या तारखेच्या फेरतपासणीची चिठ्ठी मिळाली. माझी पत्नी सौ. राहीबाई पावसाळ्यापासून खोकते, वाळत चालली आहे. तिचा ‘धोका कमी’ निघाला. तिला खोकल्याची बाटली मिळाली.

२) मोबाईलमध्ये उत्तरे भरून घेणाऱ्या आपल्या दिशा मॅडमनी तिला विचारले, “मावशी, बिडी, सिगारेट, काही व्यसन?” ती म्हणाली, “न्हाई वो बाई, तसलं काय न्हाई.” ती खोटे बोलली नाही. मिश्रीला आमच्याकडे व्यसन म्हणत नाहीत, दात घासणे म्हणतात. परंतु त्यासाठी तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजावी लागते, आणि राहीबाईसारखी भाजणी गल्लीत कोणाला साधत नाही. सबब शेजारच्या बायडाबाईपासून सगळ्या बाया आपापली तंबाखू हिच्याच चुलीपाशी आणून देतात. दात गल्लीचे, धूर हिचा.

३) हे मी सांगितले असता मॅडम म्हणाल्या, “काका, मिश्री तोंडाच्या कॅन्सरला धरतात. फुप्फुसाला चुलीचा रकानाच नाही.” त्यावर राहीबाई म्हणाली, “आगं पोरी, मग त्या मोबाईललाच खोकाया लाव की!”

४) धोका वाढण्यासाठी बिडी किती वर्षे ओढावी, अशी मी रीतसर चौकशी केली. वीस वर्षे, असे समजले. तरी सुरुवात व्हावी म्हणून घरी तिला एक पेटवून दिली. “तुमच्या तोंडाचा वास सोसला तेवढा लई झाला,” म्हणून तिने ती चुलीत टाकली. नियमात बसण्याची तिची तयारी नाही, याबद्दल दिलगीर आहे.

५) तंबाखू भाजताना ती ओवी गाते :

चुलीबाईचा गं धूर, अर्धा गेला आभाळात
अर्धा वस्तीला राहिला, बाई माझ्या काळजात

पूर्वी एका दमात म्हणायची. आता ‘आभाळात’पाशी थांबते, छातीवर हात ठेवून तव्याकडे बघत बसते. उरलेली ओवी बाया पुरी करतात.

६) तरी विनंती की, माझी फेरतपासणी तिच्या नावे वर्ग करावी. माझे स्वच्छ फुप्फुस पुन्हा बघून सरकारला नवीन काही दिसणार नाही. तसे नियमात नसल्यास कागद बदलू नये. आज गाडीपाशी माझेच नाव पुकारावे. ‘ओ’ ती देईल.

आपला नम्र, व आपल्या हिशेबाने जास्त धोक्यातला,
गहिनीनाथ रखमाजी नरवडे
दि. ५ फेब्रुवारी २०२६

सोबत : सौ. राहीबाई, समक्ष.