पुदिन्याचा वास

मोल्फेत्ता, ३ सप्टेंबर १९१०

चि. कोर्रादोस ताईचे अ. उ. आ.

त्रिएस्तला जेवणाखाण्याचे हाल तर नाहीत ना? इथे पटकीचं निमित्त करून पालिकेची माणसं घराघरांत शिरताहेत. गरिबाला हाकलून घरं बळकावायचा डाव आहे, दुसरं काय!

काल तपासनीस आमच्याकडे आला. वरच्या मजल्यावरच्या संडासात पुदिन्याचं तेल आणि कढत पाणी ओतलं नि खाली येऊन हुंगत फिरू लागला. मागच्या गल्लीत असाच वास निघाला म्हणून दोन घरांना टाळं लागलंय. आमच्या स्वयंपाकघरातही वास घमघमला. मी काय गप्प बसते? भोपळ्याच्या चकत्या तळत होतेच, त्यांवर सिरका आणि मूठभर पुदिना टाकला. कढईत डोकावून, वास तिचाच समजून स्वारी म्हणाली की घर ठीक आहे. शेजारीण पास्क्वा हिलाही मी हीच युक्ती शिकवली.

अंगणातल्या आमच्या सामाईक टाक्याचं पाणीसुद्धा कालपासून छान वासाचं झालंय. तुझी भाची तेरेसिना हट्टानं तेच पिते.

बहिणीची आठवण ठेव.
सेराफिना

त्रिएस्त, ८ सप्टेंबर

ती. ताईस कृ. सा. न.

पत्र आत्ताच मिळालं, उभ्या उभ्याच उत्तर लिहितोय. अगं, मी इथे सांडपाण्याच्या मोऱ्याच बांधतो. आम्हीही हेच तेल ओततो. वास येतो तिथे मोरी फुटलेली असते. टाक्यात वास आला म्हणजे संडासातली घाण टाक्यात झिरपतेय! तेरेसिनाला त्यातला थेंबही देऊ नकोस. पालिकेवर माझाही भरवसा नाही, पण तेलाला कोण लाच देणार? आधी टाकं बंद कर, मग मला हव्या तेवढ्या शिव्या दे.

तुझा घाबरलेला भाऊ,
कोर्रादो

मोल्फेत्ता, १४ सप्टेंबर

चि. कोर्रादोस अ. आ.

तुझं पत्र आलं तेव्हा तेरेसिनाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. आता उकळलेलं पाणी पोटात राहतंय. डॉक्टर म्हणतात, वाचेल.

मी तपासनीसाकडे जाऊन सगळं कबूल केलं. त्यानं टाक्याला कुलूप घातलं. पास्क्वा गल्लीभर सांगत सुटली की मी पालिकेला विकले गेले.

आज सकाळी पाहते तो कुलूप फोडलेलं आणि पास्क्वा पोरांसाठी बादली भरतेय. मी तिच्या पाया पडले, तेरेसिनाची दशा सांगितली. ती म्हणाली की पोरीला तपासनीसानंच काहीतरी पाजलं असणार. ह्या लोकांचा एक शब्दही खरा मानायचा नाही, हे मीच तर तिला शिकवलं. मी बादली लाथेनं उलटवली. तिनं ती पुन्हा भरली आणि घरात नेली.

तिला तीन लेकरं आहेत रे. जमलं तर ये.

तुझी ताई,
सेराफिना