पाण्याखालून न आलेलं उत्तर

भिगवण, ९ फेब्रुवारी १९९६. संध्याकाळ.

समुद्रातल्या तेलविहिरीचा व्हॉल्व्ह आणीबाणीत वरून आवाजाच्या इशाऱ्यानं बंद करायचं आमचं यंत्र आज उजनीच्या पाण्यात तपासलं. दहा वेळा इशारा सोडला, खालून चारदाच उत्तर वाजलं. साहेबांनी अहवालात दहा लिहिलं. "समुद्रात चालेल. सही करा." केली मी. शी! किळस आली स्वतःची.

होडीवाले तात्या परतताना म्हणाले, "चारदाच वाजलं की वो. तितं समुद्रात इहिरीवर मान्सं ऱ्हात असत्याल न्हवं?"

राहतात. चारदाच!

ताट तसंच बाजूला सारलं. साहेबांच्या खोलीवर जाऊन अहवाल मागितला आणि माझी सही खोडली.

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या."

पण दुपारी सही करताना हात जरासुद्धा अडखळला कसा नाही?