अक्षरांना पाय असतात

काल्तामिरा, १२ ऑक्टोबर १९७४

आदरणीय मेव्हणे जेसुआल्दो यांस,

तुम्हाला, तुमच्या गुडघ्यांना, तुमच्या ऑलिव्हच्या झाडांना आणि (तिला चालत असेल तर) तुमच्या सुनेलाही नमस्कार. आग्रिपिना ठणठणीत आहे. तुमचीच बहीण ती, तिला काय धाड भरणार? मला मात्र पाच दिवस अन्न गोड लागत नाही आणि उजव्या कानात शिट्टी वाजते. डॉक्टर म्हणतो, काही झालेले नाही. काही झालेले नसताना ही गत, तर झाल्यावर काय, या काळजीने शिट्टी वाढली आहे.

सोमवारी पालेर्मोहून फियाम्मेत्ता नावाच्या प्राध्यापकबाई आल्या. आपल्या चर्चच्या दारावरची जुनी कोरीव लाकडी पट्टी त्यांना बघायची होती. नेमकी त्याच वेळी पाववाल्या व्हितिनाची मुलगी लग्नाआधी पट्टीला हात लावायला आलेली. (बापाने नवरीला उचलायचे, तिने अक्षरांना हात लावायचा आणि मी काठीने डावीकडून उजवीकडे अक्षरे दाखवत वाचायचे. तुमच्या वेळी तुमच्या सासऱ्यांची कंबर धरली होती, ती शेवटपर्यंत सुटली नाही.) पाहुणीसमोर मी जरा जास्तच सूर लावून ‘नमो मारिये, कृपापूर्णे’ वाचले. अक्षरे उरली म्हणून शेवटी दोनदा आमेन घातले. मी तिसरी नापास. पण इतकी वर्षे माझ्या वाचनावर कोणी शंका घेतली नाही, कारण बाकीचे गाव दुसरी नापास.

बाईंनी मान तिरकी केली, मग आणखी तिरकी केली, आणि शेवटी सगळ्यांदेखत कमरेत वाकून स्वतःच्या दोन पायांमधून दाराकडे बघू लागल्या. मला वाटले, चक्कर आली. मी पाण्याला धावणार तेवढ्यात त्या सरळ झाल्या.

“काका, हे अरबी आहे. उजवीकडून वाचतात.”

मी म्हणालो, “वाचू की. मारिया तिकडूनही मारियाच.”

“आणि पट्टी उलटी बसवलीय.”

मेव्हणे, त्याच क्षणी शिट्टी सुरू झाली.

बाईंनी मग सगळे समजावून सांगितले. जुन्या ख्रिस्ती राजाच्या काळात आपले चर्च बांधायला मुसलमान कारागीर होते. त्या टोकदार कमानी त्यांच्या, छतावरचे आठ कोनांचे तारे त्यांचे, आणि ही पट्टीही त्यांचीच. तिच्यावर एकच शब्द पुन्हा पुन्हा कोरला आहे : बरकत. या दारातून जाईल त्याला बरकत. म्हणजे बघा, आठशे वर्षांपूर्वी कोणी एक सुतार दुसऱ्याच्या देवाच्या दारावर स्वतःच्या भाषेत आपल्याला आशीर्वाद देऊन गेला, आणि मी त्या भल्या माणसाला पंचवीस वर्षे डोक्यावर उभे केले. वर त्याच्या तोंडी आमेन घातले, तेही दोनदा.

व्हितिनाला मात्र काडीचे वाईट वाटले नाही. ती म्हणाली, “उलट्या बरकतीनं मला आठ पोरं झाली. सुलट असती तर घर पुरलं असतं का? नुन्त्सियो, माझ्या पोरीचं लग्न होईपर्यंत पट्टीला हात लावलास, तर बघ!”

पण आमचे नवे फादर लिबोरियो (वय तीस, चेहरा नेहमी हिशोबनीसासारखा) लाल झाले. “तुम्हाला उलटं-सुलटं कळत नाही, आणि देवाघरची किल्ली तुमच्या कमरेला?” बाई अहवाल लिहिणार आहेत, एकोणपन्नास साली चौकट कुजली तेव्हा पट्टी कोणी परत बसवली, ते त्यात नावानिशी येणार. फादर सर्वांसमोर म्हणाले, की ते नाव माझे निघाले, तर त्याच दिवशी किल्ली त्यांच्या टेबलावर.

एक्केचाळीस वर्षे ती किल्ली कमरेला आहे. माझी प्रत्येक विजार त्या बाजूने खाली ओघळते. किल्ली आहे म्हणून मी नुन्त्सियो. किल्ली गेली की नुसता म्हातारा, आणि तसले म्हातारे चौकातल्या बाकावर आधीच सात आहेत. आठव्याला बूड टेकायला जागा नाही.

एकोणपन्नास साली शिडीवर आपण दोघेच होतो. अक्षरांचे उंच दांडे सगळे एकाच बाजूला होते. कोणीतरी म्हणाले, “अक्षरांना पाय असतात, शिंगं नसतात, दांडे खाली करा.” कोण म्हणाले, ते मला या वयात आठवत नाही. तुम्हालाही आठवत नसेल. नसावे.

प्रकृतीला जपा. वाऱ्यात बसू नका.

तुमचा भित्रा मेव्हणा,
नुन्त्सियो

ता. क. : बाईंनी पट्टी बसवणाऱ्याचे नाव विचारले तेव्हा मी इतका घाबरलो, की तोंडातून तुमचे गेले. गुरुवारी त्या खात्री करायला तुमच्याकडे येतील. तुमच्याकडे कसली किल्ली नाही, त्यामुळे तुमचे जाण्यासारखे काही नाही. त्या दिवशी जरा आजारी पडाल का?

आणखी ता. क. : खोटे लिहून कानातली शिट्टी थांबेना, म्हणून लिहितो. शिडीवर तुम्ही मला दोनदा म्हणालात, “नुन्त्सियो, ही उलटी दिसतेय.” आणि मी म्हणालो, “तुम्ही लाकडाचं बघा, अक्षरं मला कळतात.” तेव्हा नुसते आजारी पडू नका. आजारी माणूस बोलू शकतो, आणि तुम्ही बोललात की खरे बोलता, ही तुमची जुनी खोड. गुरुवारपुरते ठार बहिरे व्हा.