एका माणसाची भाजी

मेडशी, दि. १८ जानेवारी

आदरणीय बेबीताईले धाकट्या धम्मरत्नाचा पाय धरून जयभीम. तुझे गुडघे कसे हायेत? धनजच्या थंडीत पहाटेच अंगण झाडाले उठत जाऊ नको, ऊन पडल्यावर झाडलं तरी अंगण तिथंच असते. मी बरा हाये. फोन सोडून पत्र काहून लिहून राह्यलो, असं तुले वाटन. तर ताई, मागच्या खेपेले मी फोनवर ‘कोबीचा गड्डा घेतला’ म्हटलं, तुले ‘खड्ड्यात पडलो’ ऐकू आलं, अन् तू जीप करून चार माणसं पाठवली. (माणसं चांगली होती. जेवून गेली. तो गड्डा त्याईच्याच कामी आला.) म्हणून यावेळी कागदावर सांगतो.

तुझी भावजय जाऊन आता आठ महिने झाले. घरात खाणारं एक तोंड कमी झालं, म्हणजे खर्च अर्ध्यावर याले पाह्यजे, असा माझा साधा हिसाब होता. पण महिना भरल्यावर वही पाह्यली तर खर्च दोघांच्या वक्तापेक्षा जास्त! तीनदा बेरीज केली. चौथ्यांदा चष्मा पुसून केली. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस मी, रुपया इकडचा तिकडं होऊ दिला नाही, अन् माझ्याच स्वयंपाकघरात मले घोटाळा सापडेना. मग मनात आलं का ती बाजारात भाव पाडून घेत असन. तिची पिशवी नेहमी भरून ये, अन् दिलेल्या पैशातले काही परतही ये. मले वाटे, बाई घासाघीस करण्यात लय भारी हाये. (तिले कधी विचारलं नाही. ती सांगत असन तर मी ऐकलं नाही.)

म्हणून मीही काटकसर सुरू केली. आठवडी बाजारात दिवस मावळतानी गेलो, कारण उठत्या बाजारात भाव पडते. टमाटेवाला म्हणे, किलोभर कायले घेता, हे प्लास्टिकचं अख्खं क्यारेट न्या, मातीमोल देतो. मातीमोल म्हटल्यावर मी ते डोक्यावर घेऊन घरी आलो अन् ओट्यावर ठेवलं. तवा ध्यानात आलं का घरात वीस किलो टमाटे हायेत अन् मी हाये, तिसरं कोणी नाही. सकाळी चटणी, दुपारी सार, संध्याकाळी दोन्ही. तिसऱ्या दिवशी वाटाले निघालो, तर त्या गड्यानं अख्ख्या गल्लीलेच क्यारेट विकलेले! शेजारच्या कमलीबाईनं मले टोपलं घेऊन येतानी पाह्यलं अन् दारच लावून घेतलं. (गल्लीतल्या धनसिंगच्या बकरीनं चार खाल्ले. पाचव्याले तिनंही तोंड फिरवलं.) त्यानंतर मी थोडं थोडं घ्याचं ठरवलं, तर तेही जमेना. अर्धी कोबी कोणी कापून देत नाही. दोन वांगी मागितली का विकणारा मागंपुढं पाह्यते, जसा मी त्याची मजाकच करून राह्यलो. एका माणसाची भाजी बाजारात कोणी विकतच नाही, ताई.

शेवटी स्टँडासमोर पिंकी बसते तिच्याकडं गेलो. तिशीची बाई हाये, नवऱ्यासंग मेथी-वांगी पिकवते अन् कापडाचं पाल टाकून स्वतःच विकते. तुझी भावजय तिच्याकडूनच भाजी आणे. मी सरळ सांगितलं का तुझ्या काकूले जो भाव लावत होती, तोच मले लाव. पिंकी हसली. म्हणे, "काका, काकूनं कधी भाव केलाच नाही. त्या भाजी घ्याले थोड्याच येत होत्या, बसाले येत होत्या."

मग तिनं सगळं सांगितलं. तुझी भावजय रोज तिथं बारदान्यावर बसे, मेथीच्या जुड्या बांधे, अन् पिंकी पोरीले शाळेतून आणाले गेली का तिचं दुकान सांभाळे. निघतानी पिंकी तिच्या पिशवीत चार वांगी अन् वरणावर टाकाले सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टाकून दे. "काकू म्हणत, घरी काका पेपर वाचतात, बोलत नाहीत. म्हणून इथं येते." पिंकी हे सहजच बोलून गेली, टोमणा नव्हता. मी भाजीचे पैसे दिले अन् घरी आलो. पेपर दारात पडला होता. उचलला नाही.

खरं हाये ते, ताई. दिवसभर गाडीत ओरडून आल्यावर मले घरी तोंड उघडाचा कंटाळा ये. रिटायर झाल्यावर ओरडणं बंद झालं, पण बोलणं काही सुरू झालं नाही. ती समोर बसून राहे अन् मी पान उलटत राहो.

दुसऱ्या दिवशी मी पिंकीकडं गेलो अन् बारदान्यावर बसलो. ती म्हणे, काका, काय पाह्यजे? मी म्हटलं, काही नाही, तू पोरीले घेऊन ये. ती गेली, अन् मी अर्ध्या घंट्यात तिच्या धंद्याची वाट लावली. आधी गिऱ्हाइकांची लाइन लावली. ‘पुढं सरका, पुढं सरका’ करून एका म्हाताऱ्याले मेथीवरच उभं केलं. एक बाई दहाच्या जुडीसाठी पाचशेची नोट घेऊन आली, तर माझ्या तोंडातून निघालं, "सुट्टे नसतील तर खाली उतरा." ती बिचारी पायाखाली पाहाले लागली का आपण कायवर चढलो. पिंकी आली तवा लाइनीत माणसं हसून राह्यली होती अन् गल्ल्यात जमा होते वीस रुपये. ती रागावली नाही. मले जुड्या बांधाले बसवलं. तिकिटं फाडून बोटं तयार हायेत, जुड्या एकसारख्या निघतात. तवापासून रोज जातो.

बाकी ठीक. गुडघ्याले तेल कोमट करून लावत जा.

तुझा धाकटा,
धम्मरत्न

ता.क. : प्रज्वल रविवारी पुण्याहून येऊन राह्यला, मले कायमचं घेऊन जाले. घराले कुलूप लावू म्हणते. पोरगं मायेनंच म्हणते, पण तिथं सामान मोबाइलवर मागवतात, दार उघडेपर्यंत पिशवी ठेवणारा जिना उतरून गेलेला असते. प्रज्वल तुले विचारल्याशिवाय राहणार नाही, अन् आत्याचा शब्द तो मोडत नाही. त्याले सांग का धम्मा इथं नीट हाये, वेळेवर जेवते, अन् त्याचा खर्चही कमी झाला. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं.

ता.क. दुसरं : खर्च कमी झाला, हे खोटं हाये. वाढलाच. पालाजवळ रोज तीन वेळा चहा होते अन् पैसे मीच देतो. प्रज्वलले सांगू नको. काल पिंकीची भाजी लवकर खपली, ती पाल गुंडाळून घरी गेली, अन् मी तसाच बारदान्यावर बसून राह्यलो. मालेगावकडं जाणारी एक बाई आली अन् विचारलं, मेथी कशी दिली? समोर एक काडी नव्हती. तरी मी तिले मेथी कशी निवडाची, किती दिवस टिकते, सगळं सांगत बसलो. तिची बस निघून गेली. मी एसटीतला माणूस, मले ते दिसलं होतं, पण मी काही बोललो नाही. मग पुढची बस येईपर्यंत आमी दोघं तिथंच बोलत बसलो.