तीन सुताचं बिट

३ जानेवारी, शुक्रवार
मशीनचं बिट, म्हणजे खाच पाडायचं पातं, गेलं. कुंडलिक म्हणाला, "वैनी, लाकूड कापत न्हाय, जाळतंय." खाचेतून खरंच धूर आला. सागवान जळल्याचा वास दुपारपर्यंत घरात.

मशीन ह्यांची. दोन लाकडांत समोरासमोर सारखी खाच पाडते. मधे बाजारचं तयार कुसू, म्हणजे लाकडाचा चपटा तुकडा, घालायचं, फेविकॉल लावायचा, झाला सांधा. ह्यांनी ती प्रदर्शनातून आणली तेव्हा मी आठवडाभर बोलले नव्हते. ह्यांना जाऊन आता तिसरं वर्ष. मशीन चालते म्हणून कारखाना चालतो, आणि कारखाना चालतो म्हणून कुंडलिक येतो. ह्यांच्या हाताखालचा तो एकटाच उरला. तो गेला की कुलूपच.

संकल्प: संक्रांतीच्या आत नवं बिट. वाचून, अभ्यास करून. घाई नाही. डॉक्टरीणबाईंच्या सहा खुर्च्या महिनाअखेर द्यायच्या आहेत. भरपूर वेळ आहे.

५ जानेवारी, रविवार
कंपनीचं बिट पुण्याहून मागवावं लागेल, कधी येईल ते सांगता येत नाही, दुकानवाले म्हणाले. किंमत ऐकून मी नुसतं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्या कुणी बनवलेलं, घ्यायचं.

ऑनलाइन दहा-बारा जाती आहेत. प्रत्येक जण म्हणतो, आमचं कंपनीच्या तोडीस तोड. मी सातवीपर्यंत शिकले, पण वाचनालयातली दोन कपाटं संपवली आहेत. रिव्ह्यू वाचणं काय अवघड? डिक्शनरी घेऊन बसले. एकानं लिहिलंय, बिट उत्तम, बायकोलाही आवडलं. हा माणूस खोटारडा.

तांबड्या डबीतलं चांगलं दिसतं. लोकांनी तारेही भरपूर दिलेत. उद्या ऑर्डर.

६ जानेवारी, सोमवार
ऑर्डर केली नाही. सिद्धेश्वरीच्या खिडकीत तांबडी डबी दिसली. तीच.

सिद्धेश्वरी म्हणजे सोमलिंगची बायको. सोमलिंग ह्यांच्याकडेच शिकला आणि गल्लीत आमच्या समोरच कारखाना टाकला. नारळ ह्यांनीच फोडला. पुढं त्यानं मशीनही आमच्यासारखीच घेतली, फक्त नवी. मला त्याचं काही वाटत नाही.

डबी नीट बघितली तर फारच भडक आहे. ज्यांना डबीचा रंग कळत नाही त्यांना पोलाद काय कळणार. तांबडी रद्द.

८ जानेवारी, बुधवार
सकाळी सिद्धेश्वरी सोमलिंगवर ओरडत होती. "अहो, ओला टॉवेल पलंगावर! खुंटी काय आंधळी झालीय?" सगळ्या गल्लीनं ऐकलं. मला असलं आवडत नाही. आम्ही दोघं कधी मोठ्यानं बोललो नाही. निदान आता आठवत नाही.

मी अंगणात जरा जास्त वेळ थांबले, कपडे वाळत घालायचे होते म्हणून. कपडे चारच असतात हल्ली.

बिट: निळी डबी बरी वाटते. रंग सोज्वळ आहे.

९ जानेवारी, गुरुवार
कुंडलिकला साइज विचारली. तो म्हणाला, "तीन सुताचं." निळ्या डबीत दोन साइज होत्या, एक दहा एमएम आणि एक इंचातली. एका इंचात आठ सूत. म्हणजे तीन सूत बरोबर तीन अष्टमांश इंच. ही साइज तांबड्या डबीवाल्यांकडे नाहीच. बाकीच्यांनी अंदाजानं दहा एमएम घेतलं असतं. वाचनाचा असा फायदा होतो.

ऑर्डर केली. कुंडलिकला पुन्हा विचारायची गरज वाटली नाही. मालकिणीनं फार विचारू नये.

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. बिट आलं नाही.

सिद्धेश्वरी हळदीकुंकवाला बोलवायला आली. विधवेला कोणी बोलवत नाही, हिनं बोलावलं. मोठेपणा दाखवायला, दुसरं काय. मी डोकं दुखतंय म्हटलं. ती म्हणाली, "डोक्याला कुंकू नको म्हणा अक्का, पण पोटाला शेंगापोळी तर चालेल की!" आणि डबा पाठवला. पोळी फार गोड होती. तिन्ही खाल्ल्या. अन्न टाकवत नाही.

संध्याकाळी ती कुंडलिकच्या पोरींना गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेली. पाळण्यात बसवलं, बांगड्या घेतल्या. दरवर्षी त्यांना नेणार नेणार असं मीही म्हणतेच की.

१८ जानेवारी, शनिवार
कुंडलिक म्हणाला, "वैनी, नुसतं बसून पगार घ्यायची मला बी लाज वाटतीया. समोर सोमलिंग रोज बोलवतोय." मी म्हटलं, सोमवारी बिट येतंय, मग बघ कसं काम उरकतं ते. तो "व्हय" म्हणाला आणि चहाला गेला. समोर. चहा माझ्याकडेही असतो. तिच्याकडे आलं जास्त घालतात, एवढंच.

संकल्प: आलं आणणे.

२० जानेवारी, सोमवार
बिट आलं! खाच इतकी स्वच्छ पडली की मी बोट फिरवून बघितलं. कुंडलिक म्हणाला, "लई भारी काम केलं वैनी." मी समोरच्या खिडकीकडे बघितलं नाही. एकदाच बघितलं.

मग त्यानं कुसू घातलं. जाईना. दुसरं घातलं, तेही जाईना. पाकीट उलटं करून बघितलं, कुसू दहा एमएमचं. बिट मोजलं, साडेनऊ.

मी म्हटलं, तूच तीन सूत म्हणालास. तो म्हणाला, "तीन सूत म्हंजे धाच की वैनी! अण्णा बी तसंच म्हणायचे. सगळं सोलापूर तसंच म्हणतं." अण्णा म्हणजे हे.

म्हणजे सगळ्या सोलापुरात तीन सुताचं खरं माप धरणारी मी एकटीच. हे खरं तर कौतुकाचं आहे. बिट बरोबरच आहे. कुसवं चुकीची आहेत.

२२ जानेवारी, बुधवार
उपाय मीच काढला. कुसवं पॉलिश पेपरवर घासायची. मी घासली ती खुळखुळायला लागली. कुंडलिकनं कमी घासून हातोडीनं ठोकली. दोन बसली. तिसऱ्याला मी म्हटलं, अजून एक घाव घाल. खुर्चीचा पाय वरपासून खालपर्यंत उभा चिरला.

हे असते तर दुसऱ्याच घावाला "साकु" म्हणाले असते. पुरे असेल तिथं हे कानडीत बोलायचे. मला कानडी येतं, पण कुठं पुरे म्हणायचं ते येत नाही.

कुंडलिकनं चिरलेला पाय उचलून कोपऱ्यात ठेवला. बोलला असता तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी, शनिवार
सोमलिंग आला. हातात तांबडी डबी. "अक्का, घ्या, आमच्याकडं दोन हायत." मी विचारलं, कोणते रिव्ह्यू वाचून घेतलं? तो म्हणाला, "कसले रिव्ह्यू? जुनं बिट झिजलं, सिद्धेश्वरीनं माझ्या खिशात घातलं आणि म्हणाली, दुकानात जा, असलंच द्या म्हणा. मी गेलो, त्यांनी दिलं."

एवढंच. जुनं बिट नवऱ्याच्या खिशात घालायचं आणि त्याला पाठवायचं.

मी डबी घेतली नाही. तिच्याकडे पाठवायला माणूस आहे, माझ्याकडे वाचायला डोळे आहेत. ज्याचं त्याचं.

२७ जानेवारी, सोमवार
कुंडलिक म्हणाला, "वैनी, खुर्च्या तरी वेळंवर देऊ की. अण्णांचं नाव हाय." मी कारखान्याचं दार पुरतं उघडलं. सागवान आणि सामान घेऊन तो समोर गेला. मशीन मी दिली नाही. ती घरातच राहील.

दिवसभर समोरच्या मशीनचा आवाज. आमच्या मशीनसारखाच. ह्या आवाजात मला दुपारची झोप लागायची, आजही लागली. उठून घरात कुणाला तरी चहा विचारला.

३१ जानेवारी, शुक्रवार
सहाही खुर्च्या गेल्या. डॉक्टरीणबाईंना आवडल्या. सिद्धेश्वरी त्यांना म्हणाली, "अक्कांच्या कारखान्यातल्या आहेत, आम्ही नुसता हात लावला." इतकं चांगलं बोलायची काय गरज होती? आता तिच्याविषयी काही बोलायची सोय राहिली नाही.

दवाखान्याच्या बाकांचं काम निघालं, तेही तिलाच मिळालं. जागा मोठी आहे म्हणून. जागेचा काही माणसाच्या गुणाशी संबंध नसतो.

१ फेब्रुवारी, शनिवार
कुंडलिक पाया पडला. सोमवारपासून तो समोर जाणार. मी म्हटलं, बरं. तो तिथंच घुटमळला. मी परत म्हटलं, बरं.

संध्याकाळी सिद्धेश्वरी आली. न विचारता आत येऊन बसली. "अक्का, तुम्ही पण या. ऑनलाइनचं तुम्ही बघा. आमच्या ह्यांना फोनवर स्वतःचा फोटो सापडत नाही!" मी म्हटलं, विचार करून सांगते. ती म्हणाली, "विचार काय करायचाय? एकटीनं बसून तोच करताय की तीन वर्षं." उद्धट आहे.

पण मी नाही म्हटलं नाही. कुंडलिक तिथं एकटा आहे, कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

३ फेब्रुवारी, सोमवार
ती दहाला या म्हणाली होती. मी नऊलाच गेले. लक्ष ठेवायचं तर आधी जावं लागतं. खिडकीजवळ टेबल दिलंय. उजेड चांगला आहे, पण ते तिला मुद्दाम सांगितलं नाही.

अकराला चहा आला. कुंडलिकनं पहिला कप सिद्धेश्वरीला दिला, दुसरा सोमलिंगला, तिसरा मला.

उद्यापासून हे बदलायला हवं.