दुसऱ्यानं खोललेली गाडी

चाचा, तुम्हाला लिहायचं म्हणून ही वही मी सात वर्षांपूर्वी सुरतेला घेतली होती. पहिल्या पानावर नुसतं "चाचा" असं लिहिलेलं आहे आणि त्याखाली कुठल्यातरी ट्रकवाल्याचा नंबर. वाटलं होतं, पुण्याला गेल्यावर निवांत लिहू. पुण्यात निवांत असं काही सापडलं नाही. मग हैदराबाद, मग परत सुरत, मग रायपूरला एका क्रेनवाल्याकडे चार महिने. वेळ नव्हता असं म्हणायला सोपं आहे, पण तसं नव्हतं. तुमच्याशी बोलायला बसलो की तुम्ही पहिले विचारणार, "कुठी काम करून राह्यला रे आजकाल?" आणि दर खेपेला माझं उत्तर वेगळं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली तरी ती लाज जशीच्या तशी आहे. आज लिहितोय कारण उद्या सकाळी दहाच्या आत एका कागदाचं मला काहीतरी करायचं आहे, आणि विचारायला दुसरं माणूस सुचत नाही.

मी दिग्रसलाच आहे. तुमच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाच्या टपरीवर. दुकानात आता तुमचा जावई टायरचं काम करतो. ज्या खड्ड्यात उतरून आपण गाड्यांची पोटं पाहायचो तो त्याने मुरूम टाकून बुजवून टाकला, वर फरशी घातली. कडुलिंब आहे. त्याच्या बुंध्याला आपण पाने-पकडी पुसलेली चिंधी अडकवायचो तो खिळाही आहे, झाडाने अर्धा गिळला आहे. जावई दोनदा हाक मारून गेला, "आत येऊन बस न." मी म्हटलं, लिहून राह्यलो. तर म्हणतो, "अर्ज होय काय?"

काम सांगतो आधी. अकरा महिने झाले, मी नागपूरला विमानतळावर आहे. म्हणजे विमानावर नाही हो. विमानाभोवती जी पलटण फिरते तिच्यावर. सामानाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बॅगा वर चढवणारी पट्ट्याची गाडी, माणसं उतरवायची शिडीची गाडी. सगळं डिझेलवर, सगळं तेल गाळणारं. तुम्ही असता तर विमानाकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नसतं, सरळ वाकून शिडीच्या गाडीखाली पाहिलं असतं आणि म्हणाला असता, "ये किसने बांधा रे?" मी तिथे ठेकेदाराचा हेल्पर. हवा भरणं, धुणं, ग्रीस मारणं. पान्याला हात लावायचे ते कंपनीचे चौदा कायम मिस्त्री. त्यांची युनियन. आणि माझ्या गळ्यात एक पास आहे चाचा, माझा फोटो असलेला, छातीवर लटकणारा. हसू नका. अकरा महिने मी आजवर कुठेच टिकलो नव्हतो.

आता भानगड अशी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्या चौदा जणांना बोलावून सांगितलं की धंदा बसला आहे, तुम्ही पगारात थोडं कमी घ्या, भत्ते सोडा, म्हणजे तुमचं काम बाहेर देणार नाही. त्यांनी आपसात भांडण करत करत सह्या केल्या. आणि या महिन्यात नोटीस लागली, की दुरुस्तीचं काम आमच्याच ठेकेदाराला दिलं. चौदाच्या चौदा जण कार्गोच्या गेटबाहेर मांडव टाकून बसले. आणि ठेकेदाराच्या साहेबाने आम्हा सहा हेल्परांना ऑफिसात उभं केलं, म्हणाला, "आता पाने तुमच्या हातात. मिस्त्री व्हा. इथी सही मारा." कागदावर लिहिलेलं आहे की हे काम आम्ही स्वखुशीने घेत आहोत, ठरलेल्या पगारात घेत आहोत, आणि कोणत्याही युनियनशी आमचा संबंध नाही. ठरलेला पगार म्हणजे त्या मांडवातल्यांच्या अर्ध्यालाही लागत नाही. तरी हेल्परच्या मानाने चांगला. चौघांनी तिथेच सही केली. मी म्हटलं, वाचून देतो. साहेब म्हणाला, "तू कवापासून वाचाले लागला बे?" मी अजून सही केली नाही.

तुमची कापसाच्या जिनिंगमधली गोष्ट मला तेव्हापासून आठवते आहे. तुम्ही ती एकदाच सांगितली, पावसाळ्यातल्या रिकाम्या दुपारी, कार्बोरेटर रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला होता. तुम्ही फिटर होता तेव्हा. मालकाने अशीच बोली केली, पगार कमी घ्या, काम वाचेल. "आमी घेतला," तुम्ही म्हणालात. "पुढच्या सीझनले रोलर बसवाले ठेकेदाराचे पोरं आले. मी थ्याइले काय बोलू? भुके पोरं होते बाप्पा. पण एकानं, एकानं तरी येऊन इचाराचं होतं. मी सांगतलं असतं न, कोणता रोलर हात खाते थे." पुढे काय झालं हे मी विचारलं नाही. तुम्ही ब्रशने कार्बोरेटरचं जेट साफ करत राहिलात, साफ झाल्यावरही.

आणि ती जीप. ती तर मी विसरूच शकत नाही. मी दहावी नापास होऊन तुमच्याकडे लागलो त्याचं दुसरं वर्ष. एका शेतकऱ्याने ओढत आणलेली, अर्धं इंजिन खोललेली जीप. ती खोलणाऱ्या पुसद रोडच्या मिस्त्रीशी त्याचं वाजलं होतं. तुम्ही जुम्म्याच्या नमाजला गेलेले, आणि मला हात दाखवायची घाई. तुम्ही परत येईपर्यंत मी हेड उतरवून ठेवलं होतं. मला वाटलं शाबासकी मिळणार. तुम्ही टोपी काढून खिशात ठेवली, इंजिनाकडे पाहिलं आणि एवढंच म्हणालात, "बंद कर." एकेक बोल्ट परत बसवायला लावला. मग स्कूटरवर मागे बसवून त्या मिस्त्रीच्या दारात नेलं आणि म्हणालात, "बोल." शेवटी तुम्हीच म्हणालात, "भाई, तुमची खोललेली गाडी माह्याकडं आली. घेऊ का?" तो माणूस आधी उखडलेला होता. मग म्हणाला, "घ्या चाचा. पण थो चवथा बोल्ट जपून, त्याचे आटे गेले, मी कसातरी लावला." परत येताना तुम्ही सांगितलं, "मालूम हुआ? ज्यानं खोललं त्यालेच माहीत रायते कुठी काय मोडलं." त्यानंतर तुमच्याकडे होतो तोवर अशा किती गाड्या आल्या आणि दर वेळी आपण विचारायला गेलो. कुणीही कधी नाही म्हटलं नाही.

चूक इथेच झाली, चाचा. मला खरंच वाटलं की जगात सगळीकडे असंच असतं.

मागच्या सोमवारी ड्यूटी संपल्यावर मी सरळ मांडवात गेलो. भोंगा बंद होता, काहीजण पत्ते खेळत होते. त्यांचे सगळ्यात जुने मिस्त्री, त्यांना सगळे काका म्हणतात, चष्म्याला दोरा बांधलेला, पेपर वाचत बसलेले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि विचारलं, "काका, तुमचं काम मले देऊन राह्यले. घेऊ का?"

पत्ते थांबले. एक मिशीवाला म्हणाला, "काय म्हणते बे हा?" दुसरा म्हणाला, "परवानगी मांगाले आला! आपला गळा कापाची परवानगी!" "तीन कापीत अर्ज दे म्हणा त्याले!" सगळे हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं. मिशीवाल्याने उठून माझी कॉलर धरली, "ठेकेदारानं धाडलं काय तुले? व्हिडिओ काढाले?" माझा फोन घेऊन पाहिला. त्यात फक्त रायपूरच्या क्रेनचे फोटो. काका म्हणाले, "सोड त्याले." मग मला म्हणाले, "कोणं सांगतलं तुले असं इचाराले?"

मी म्हटलं, "माहे उस्ताद सांगतात. दुसऱ्यानं खोललेल्या गाडीले इचारल्याबिगर हात लावाचा नाई म्हणतात."

"कुठले होय थे?"

"दिग्रसचे. बसस्टँडच्या मांगच्या रोडवर, कडुलिंबाखाली दुकान आहे."

काकांनी पेपराची घडी घातली. "अन् मी नाई म्हटलं तं?"

याचं उत्तर तुम्ही शिकवलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "तं नाई घेत."

"मंग नाई," काका म्हणाले. "माह्यासाठी नाई म्हणत मी. माहे दोन वर्षं उरले. पण ह्या तेरा जनाच्या वतीनं घे म्हणणारा मी कोण?"

मी मान हलवून निघालो. मांडवाबाहेर आलो तर मागून हाक आली, "ए पोरा! तीन नंबरची शिडी. तिच्या खाली जाशीन तं आंधी लाकडाचा ठोकळा लाव. थे आपोआप खाली बसते, पुस्तकात लिहेल नाई." मिशीवाला ओरडला, "काहून सांगता काका? बसू द्या न!" कुणीतरी हसलं. काका हसले नाहीत.

हे सगळं साहेबाच्या कानावर संध्याकाळच्या आत गेलं. युनियनमध्ये जाऊन आला म्हणे. मांडवातले म्हणतात ठेकेदाराचा माणूस, ऑफिसातले म्हणतात युनियनचा. दुसऱ्याच दिवशी साहेबाने मला मुद्दाम तीन नंबरच्या शिडीखाली धाडलं, गळती पाहायला. मी ठोकळा लावला. बाकीचे हेल्पर म्हणाले, "डरते बे." मी खाली आडवा झालो, नळीला हात लावला आणि वरून काहीही आवाज न होता ती शिडी चार बोटं खाली आली आणि ठोकळ्यावर टेकली. लाकूड कर्रकन वाजलं. माझ्या नाकात आणि त्या लोखंडात वीतभर जागा. मी बाहेर आलो, हात धुतले, परत धुतले.

मी दोन दिवसांची सुट्टी सांगून इकडे निघून आलो. सुट्टी कसली, पळालो. आत्ताच साहेबाचा फोन येऊन गेला. "काय हीरो, कागद?" मी म्हटलं, गावाले आलो साहेब. म्हणाला, "गावाले जायची हे येळ होय? सही करून फोटो पाठव. उद्या दहा वाजता मी यादी पक्की करतो. नाई तं पास जमा कर अन् हिंड मंग, तुले तं हिंडाची सवयच आहे." ते खरं आहे म्हणूनच लागलं. सोडून जाणं मला सोपं आहे, चाचा. आयुष्यभर तेवढंच केलं. या वेळी सोडलं तर शब्द पाळला म्हणून सोडलं की नेहमीसारखा कंटाळून पळालो, हे मलाच कळणार नाही. आणि राहिलो तर मांडवासमोरून रोज आत जायचं, त्या चष्म्याच्या दोऱ्यासमोरून. तुमच्या जिनिंगमधली ती भुकी पोरं मला आता तोंडासकट दिसायला लागली आहेत. त्यांच्यातलं एकजण तरी विचारायला निघालं असेल आणि मालकाच्या भीतीने अर्ध्या रस्त्यातून परत गेलं असेल, असं तुम्हाला कधी वाटलं का? मला वाटतं.

वर एक खोटं लिहिलं आहे ते दुरुस्त करतो. सही केली नाही असं लिहिलं. केली आहे. काल यवतमाळच्या स्टँडवर बस अर्धा तास उभी होती, तेव्हा मांडीवर बॅग ठेवून केली. फोटो पाठवलेला नाही, एवढंच. कागद या वहीतच आहे, या पानाच्या मागे.

जरा थांबा. तुमच्या दुकानासमोर एक रिक्षा थांबली आहे. एक माणूस उतरून जावयाला काहीतरी विचारतो आहे. पाठमोरा आहे, पण चष्म्याचा दोरा मानेवर दिसतो. काका आहेत. नागपूरहून इतक्या लांब, मांडव सोडून. मला वाटलं माझ्या मागावर आले. पण जावयाचा आवाज मोठा आहे, इथवर ऐकू येतो. तो म्हणतो आहे, "कोण? चाचा? ...कोणी सांगतलं तुमाले?"

ते तुम्हाला भेटायला आले आहेत. तुम्ही नाही हे मी मांडवात सांगितलंच नव्हतं. "सांगतात" म्हणालो, "म्हणतात" म्हणालो, तुम्ही इथे पाने पुसत बसल्यासारखं. जावई माझ्याकडे बोट दाखवतो आहे. काका वळले आहेत. मला आता रस्ता ओलांडून त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत, तुम्ही नाही ही आणि सही झाली ही, आणि पहिले कोणती सांगायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.